मोठीमायचा जबाब

पांढरीच्या मातीवर पाणी पडले की जो वास सुटतो, तो काळ्या मातीच्या वासासारखा नसतो. काळ्या मातीचा वास पुष्कळांनी वाखाणून ठेवला आहे. त्यात मी भर घालत नाही. पांढरीचा वास थंड असतो. त्यात थोडी राख असते, विझलेल्या चुलीची ओल असते, आणि पुष्कळ दिवस बंद असलेली पेटी उघडल्यावर कपड्यांतून येते तशी माणसाची एक शिळी ऊब असते. जिथे कधीकाळी माणसे राहून गेली त्या जागेला आमच्याकडे पांढरी म्हणतात. आमच्या गावाच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या उंच काठावर, असे एक टेकाड आहे. या हिवाळ्यात बत्तीस वर्षांनी मी त्यावर उभा राहिलो. खाली खड्ड्यात कोणी तरी पाण्याचा हलका फवारा मारला आणि तो वास वर आला.

मी तिथे जाणार नव्हतो. त्या बाजूला पाय वळवायचा नाही, असा माझा नेमच होता. परंतु माझ्या टेबलाशी एक मुलगी आली. मी कामठीला तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षणाने मी दहावीच्या अलीकडचा. तरी फेरफार असो, वारसनोंद असो की शेताकडे जाणाऱ्या पांदणीचा वाद असो, माझ्या हातचा कागद भाषेच्या दोषापायी परत आला असे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आता संगणकावर तयार नमुने मिळतात. मात्र ज्याला आपले गाऱ्हाणे साहेबाच्या मनात उतरवायचे असते, तो अजूनही माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसतो.

ती मुलगी नागपूरच्या प्रताप नगरची, तिथेच पुरातत्त्व शिकणारी. तिने पिशवीतून एका जुन्या कागदाची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली.

“काका, हे अक्षर तुमचं आहे का? गावात विचारलं तर सगळे म्हणाले, असं अक्षर एकाच माणसाचं.”

अक्षर माझेच होते. खरे सांगतो, मला प्रथम आनंदच झाला. बत्तीस वर्षांनी कोणी माझे अक्षर शोधत आले होते. मजकूर डोळ्यांत उतरायला थोडा वेळ लागला, आणि तोवर ती पुढे बोलत होती. टेकाडावर पुन्हा खोदकाम सुरू झाले होते. जुना खड्डा त्यांनी पुन्हा उघडला होता. मी एकदा येऊन सांगावे, की या जबाबात लिहिले आहे तसेच सगळे घडले होते का. तिच्या अहवालात तेवढी एकच नोंद अडली होती.

मी “येतो” म्हणालो.

सवाऱ्या भरलेल्या ऑटोत कोपऱ्यात दबून बसलो असताना मौद्याच्या बाजूला वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. त्या माझ्या लहानपणी नव्हत्या. माझ्या लहानपणी त्या दिशेला फक्त आभाळ होते.

आमचे घर कोष्ट्यांचे. घरात जमिनीत खणलेला माग होता. थोरले काका त्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसत, आणि त्यांची बायको, जिला मी मोठीमाय म्हणत असे, ती ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरी. माझी आई मला आठवत नाही. जे आठवते ते मोठीमायचे आहे: सुताच्या खळीचा आंबूस वास, कानामागे खोचलेला सुताचा तुकडा, आणि मागाचा एकसुरी ठोका थांबला की घरभर पसरणारी शांतता. त्या शांततेत कामठीच्या छावणीतल्या गोळीबाराच्या सरावाचा आवाज दुरून येई. मोठीमाय म्हणे, “ऐक, सरकार तीळ भाजून राहिलं.”

दिवाळीच्या आधी गावातल्या बायका टोपल्या घेऊन टेकाडावर जात. सारवणाच्या कडेला ओढायची पांढरी माती तिथेच मिळे. पहिली कुदळ मारण्याआधी मोठीमाय टेकाडावर हळदीकुंकू वाही आणि मातीशीच बोले, “घेऊन राहिलो माय. रागावजो नोको.” मी एकदा विचारले, इथे तर कोणीच नाही, मग विचारतेस कोणाला? ती म्हणाली, “ज्याईचं घर होतं त्याईले. आपन काय चोर हाओत?” कुदळीबरोबर खापरे निघत. काळी-तांबडी, कडेला चमकणारी. आम्ही ती नदीच्या पाण्यावर सपाट फेकून उड्या मोजत असू. किती जुनी भांडी अशी आम्ही कन्हानच्या पाण्यात घालवली, कोण जाणे.

उन्हाळ्यात नदी आटून एका बाजूला सरके आणि वाळूत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल पसरत. तापल्या वाळूवर फुटलेल्या डांगराचा गोड, पाणीदार वास मला अजून कुठे भेटला नाही. आता तिथे वाळूच नाही. वाळू कुठे गेली यावर मी सतरा अर्ज लिहिले आहेत, आणि त्यांची भाषा निर्दोष होती.

मी विशीत असताना शहरातून खोदकामाचे लोक आले. टेकाडाच्या पायथ्याशी तंबू लागले, सुतळीने चौकोन आखले गेले. गावातल्या बायकांना माती काढायचे काम मिळाले आणि मला अक्षरामुळे चिठ्ठ्या लिहिण्याचे. प्रत्येक खापर, प्रत्येक मणी कापडी थैलीत जाई, आणि थैलीवर खड्डा, थर, खोली मी काळ्या शाईने लिहीत असे. पर्यवेक्षक साहेब पुण्याकडचे, गोरे, मितभाषी. माझी चिठ्ठी उन्हाकडे धरून बघत आणि म्हणत, “छापल्यासारखं.” त्या एका शब्दावर मी दिवसभर उपाशी राहू शकलो असतो.

पौषात खड्डा पुरुषभर खोल गेला आणि तळाशी एक करडी, गुळगुळीत जागा लागली. साहेब म्हणाले, हा पुराचा गाळ आहे, काढून टाका. मोठीमायने खुरपे बाजूला ठेवले आणि त्या जागेवर तळवा टेकवला. लेकराच्या अंगाला ताप आहे का पाहावे तसा.

“साहेब, गाळ नोहे हा. हे सारवलेलं हाये.”

“कशावरून, बाई?”

“हातावरून. हे पाहा, बोटं दिसून राहिले. एकावर एक किती तरी खेपा सारवलं हाये, पापडासारखं. अन् बाई सारवत सारवत मागं सरकते, दाराकडं निंगते. हे समदे फेरे तिकडं चालले. दार तिकडं असन.”

साहेबांनी तळ खरवडणे थांबवले. दोन दिवसांनी त्याच बाजूला लाकडी खांबांचे दोन गोल खळगे निघाले आणि त्यांच्यामध्ये पायांनी झिजलेला एक दगड. नदीकाठच्या त्या अनाम वस्तीतले पहिले घर असे दारासकट सापडले. शेवंता म्हणून एक नवीन सून घमेले उचलायला येत असे, तिचे तोंड कधी बंद नसे. ती ओरडली, “वा वं काकू! हजारो सालाआधी मेली त्या बाईचं दार बरोबर दाखवलं, अन् सोताच्या घरचं कवाड रोज उघडं टाकून येतं!”

“आमच्या घरी चोर आला तं तोच काही ठेवून जाईन वं,” मोठीमाय म्हणाली, आणि सगळा खड्डा हसला.

त्या दिवसापासून बायका त्या जागेला “थ्या बाईचं घर” म्हणू लागल्या. खाली उतरताना चपला वर काढून ठेवू लागल्या. साहेबांनी वहीत दाराचा शोध टिपून घेतला. कोणी ओळखले ते टिपले नाही. मी ती वही पाहिली होती. मला त्यात काही वावगे वाटले नाही. मजुरांची नावे वहीत येत नसतात असे मी धरून चाललो होतो, आणि माझे नाव मी मजुरांत धरत नव्हतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक मोठे तज्ज्ञ ती जमीन पाहायला येणार होते. तिचे पातळ तुकडे काढून ते प्रयोगशाळेत नेणार होते. त्यासाठी ती जशी सापडली तशीच राहायला हवी होती, बोटही लागायला नको होते. हे साहेबांनी मला सांगितले होते. बायकांना सांगायचे काम माझ्यावर सोपवले होते.

मी सांगितले नाही. संक्रांतीच्या दुपारी मी तंबूबाहेर चटईवर बसून पांढऱ्या कापडावर गेरूने स्वागताचा फलक रंगवत होतो. “हार्दिक” या शब्दातला रफार नीट वळवायचा होता. मोठीमाय येऊन उभी राहिली. तिच्या मागे शेवंता होती, शेणाची बादली घेऊन. ताज्या शेणाचा आणि भिजवलेल्या पांढरीचा वास माझ्यापर्यंत आला.

“बाबू, उद्या पाव्हने येऊन राहिले ना गा?”

“हो.”

“मंग थ्या बाईचं घर असं पारोसंच ठेवाचं काय? संक्रांतही हाये. सारवून घेऊ?”

“घे ना,” मी म्हणालो. मान वर केली नाही.

मी नीट ऐकले नव्हते, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. मला प्रत्येक शब्द ऐकू आला होता. फक्त त्या घटकेला गेरू वाळत होता, आणि माझ्यासाठी जगात तेवढेच काम होते.

सकाळी आम्ही खड्ड्याच्या काठाशी गेलो तेव्हा खाली एक घर होते. मी खोटे लिहीत नाही. हिरवट, ओलसर, हाताच्या एकसारख्या वळणांची जमीन. तिच्या कडेने पांढरीचा काठ. झिजलेल्या दगडापाशी रांगोळीचे ठिपके आणि पळसाच्या पानावर तिळाचे दोन लाडू. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घराच्या उंबऱ्याशी कोणी काही ठेवले असेल. बायका काठावर रांगेने उभ्या होत्या, धुतलेली लुगडी नेसून, कौतुकाची वाट पाहत.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“हे कोणी केलं?”

“मी केलं, साहेब,” मोठीमाय पुढे झाली. अजून हसतच होती.

“कोणाला विचारून केलं?”

तिने माझ्याकडे पाहिले. एकदाच. त्या पाहण्यात ‘सांग ना गा’ एवढेच होते. मी हातातल्या चिठ्ठ्या मोजू लागलो. तिचे हसू कसे गेले ते मी पाहिले नाही. पुढचे शब्द मात्र ऐकले.

“कोनाले नाही इचारलं, साहेब. मनानंच केलं.”

शेवंताने तोंड उघडले होते. मोठीमायने तिचे मनगट धरले, आणि ते तिने बराच वेळ सोडले नाही.

पाहुणे आले, खाली वाकून पाहिले, आणि चहा न घेता गेले. साहेबांना वरती उत्तर द्यायचे होते, म्हणून जबाब हवा होता. तो लिहायला त्यांनी मलाच बसवले. मोठीमाय समोर जमिनीवर बसली होती, सुकलेल्या शेणाचे कण नखांतून काढत. तिने सांगितले ते अर्ध्या ओळीचे होते. मी त्याचा बारा ओळींचा जबाब केला. ती प्रत परवा माझ्या टेबलावर आली तेव्हा मी पाठ म्हणावा तसा वाचला: “सदर जागा प्राचीन व नाजूक असून तिला हात लावू नये, अशी समज मला वारंवार देण्यात आली होती, तथापि मी कोणासही न विचारता, स्वतःच्या मर्जीने तिच्यावर सारवण केले, व त्यामुळे झालेल्या हानीस मी एकटी जबाबदार आहे.” वारंवार समज देण्याचे वाक्य तिने सांगितले नव्हते. ते मी घातले. त्यावाचून कागद अपुरा दिसत होता.

“काय लिहिलं गा?” अंगठ्याला शाई लावताना तिने विचारले.

“तू सांगितलं तेच.”

“बरं.”

साहेबांनी कागद वाचला आणि त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. “भाषा छान आहे तुझी,” ते म्हणाले. “कचेरीसमोर बसलास तर उपाशी मरणार नाहीस.” मी उपाशी मेलो नाही. मला माझा धंदा त्या कागदाने दिला.

तिला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको असे सांगण्यात आले. माझे काम हंगाम संपेपर्यंत राहिले. त्यानंतर ती टेकाडाकडे गेली नाही. दिवाळीला पांढरी आणायलाही नाही. काठ ओढायला ती चुना वापरू लागली. चुन्याचा काठ डोळ्यांवर येई, त्यात ती मऊ राखाडी झाक नसे. पुढे माग बंद झाला, त्याचा खड्डा बुजवला गेला, कामठीच्या यंत्रमागांवर गावातले हात गेले. मी घरात फरशी बसवली आणि सारवणाचा प्रश्न कायमचा मिटला. या गोष्टींची कारणे मला विचारू नयेत. कारणे मी दिवसभर इतरांसाठी लिहितो.

त्या जबाबाचा उच्चार तिने मरेपर्यंत केला नाही. मात्र सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे घरी लोक येत, तेव्हा ती ओट्यावरून त्यांना सांगे, “याच्यापाशी बिनधास्त लिहून घ्या. तुमी सांगसान थे लिहिते. त्याच्याहून जास्तीच लिहिते.” लोक हसत. त्यांना ती माझी तारीफ वाटे. मीही हसत असे.

तर या हिवाळ्यात मी त्या काठावर उभा होतो. खड्डा तोच होता, भिंती नव्या तासलेल्या. तळाशी, भरावाच्या मातीखाली इतकी वर्षे झाकलेले, मोठीमायचे सारवण जसेच्या तसे होते. रंग उडून मातकट झाला होता, परंतु वळणे स्पष्ट होती. उजव्या करंगळीपाशी एक रेघ तुटलेली दिसे, कारण ती करंगळी मागात सापडून वाकडी झालेली होती.

खाली चार बायका खुरपी घेऊन बसल्या होत्या. त्यांची मुकादम शेवंता. केस पांढरे झालेले, तोंड तेच.

“आले का लिहिनारे सायेब,” ती म्हणाली. “या, बसा. तुमचाच खड्डा हाये.”

मुलीने जबाबाची प्रत वर धरली. “काका, फक्त एवढंच सांगा. हे असंच झालं होतं ना?”

शेवंताचे खुरपे थांबले. मला वाटले, ती बोलेल. पण ती मीच काय बोलतो ते ऐकायला थांबली होती.

“हो,” मी म्हणालो. “असेच.”

मुलीने खूण केली आणि बायका वरचा थर खरवडू लागल्या. तिला खालची मूळ जमीन हवी होती. सारवण काही ठिकाणी अलगद निघाले, आणि पुष्कळ ठिकाणी खालचा जुना पापुद्रा आपल्याबरोबर घेऊनच उठले. त्या बाईचे आणि मोठीमायचे हात एकमेकांत असे रुतले होते की वेगळे होईनात. एकेक ढलपी घमेल्यात पडताना कोरडा, पातळ आवाज होई.

“गेलं बरंच,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. तिला खरेच वाईट वाटले होते. मग ती माझ्याकडे वळली. “पण बघा ना काका, त्या वेळच्या सरांची नजर किती सूक्ष्म! नुसत्या बोटांच्या वळणांवरून त्यांनी दार कुठे असेल ते ओळखलं. आम्हाला वर्गात शिकवतात हे. आणि तेच एका बाईने शेणाने सारवून टाकलं. जाऊ द्या. अडाणी बिचारी, तिला काय कळणार.”

तिने ते दयेने म्हटले. रागाने म्हटले असते तर मी ऐकून घेतले असते.

“दार तिनेच दाखवले,” मी म्हणालो.

“कोणी?”

“जिचा तो अंगठा आहे तिने. साहेब त्याला गाळ म्हणत होते. तिने हात ठेवून सांगितले, हे सारवण आहे आणि दार तिकडे आहे. भागरथाबाई तिचे नाव. माझी मोठीमाय.”

मुलीने वही उघडली. खाली खुरपी थांबली होती. आता पुढचे बोलणे भाग होते, आणि माझी सगळी कमावलेली भाषा त्या घटकेला कुठे तरी निघून गेली.

“अन् तिनं इचारलं होतं,” मी म्हणालो.

“कोणाला विचारलं होतं?”

“मले.”

तिने माझ्याकडे, मग हातातल्या प्रतीकडे पाहिले. “पण काका, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तर तुम्ही…”

“लिही वं पोरी, लवकर लिही,” शेवंता खालून ओरडली. “हा मानूस फिरते. बत्तीस साल मी बादली घेऊन उभीच हाओ याच्यामांगं.”

बायका हसल्या नाहीत. मुलीने मला एक कोरा कागद आणि पेन दिले. तोंडी चालणार नाही, लेखी लागेल म्हणाली. ते मला सांगायची गरज नव्हती. तिची लिहायची फळी मी गुडघ्यावर घेतली आणि लिहिले. भागरथाबाईने त्या जमिनीचे दार ओळखले. सारवण्याआधी तिने मला विचारले. मी हो म्हटले. जबाबातला समज दिल्याचा मजकूर माझा आहे, तिचा नाही. खाली सही केली.

“एवढंच?” मुलीने विचारले.

“एवढेच.”

तिने तो कागद दोनदा वाचला. साहेबांचा मूळ अहवाल केव्हाच छापून झालेला आहे, तो बदलता येणार नाही, असे ती ओशाळून म्हणाली. हा कागद मात्र ती फाइलमध्ये नक्की लावेल.

“कुठे लावाल?”

“जबाबाच्या मागे, काका. तारखेप्रमाणे लावतात.”

म्हणजे जो कोणी पुढे ती फाइल उघडेल, त्याला आधी तो जबाब दिसेल. अक्षर छापल्यासारखे आहे, वाक्ये घोटीव आहेत, खाली अंगठा स्पष्ट उठला आहे. त्याला शंका घ्यायला जागाच नाही. पान उलटायचे कारण त्याला सापडणार नाही. मी तीस वर्षे अर्ज लिहितो आहे. साहेब लोक कागद कुठवर वाचतात ते मला ठाऊक आहे.